समाधानी माणसांचं गाव

मागच्या रविवारी मावशीकडे सगळे जमलो होतो. जेवणं झाली आणि कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझे ते जावाचे फोटो दाखव ना एकदा." आम्ही २०१७ ते २०२० जाकार्तात होतो (नवऱ्याची नोकरी), त्यामुळे असे फोटो माझ्याकडे ढिगाने आहेत. फोन टीव्हीला जोडला. धुक्यातलं गाव, पत्र्याची छपरं, उतारावर पार कड्यापर्यंत बटाट्याची शेतं, थंडीने गाल लाल झालेली पोरं, सारोंग खांद्यावर गुंडाळून उन्हाला बसलेले म्हातारे.

मावशी म्हणाली, "किती समाधानी दिसतात गं माणसं! नाहीतर आपण."

दादा (मामेभाऊ, हल्ली पर्यावरणावर बरंच वाचतो) म्हणाला, "समाधानी कसली? डोंगर बघ ना. एक झाड ठेवलेलं नाही. हाव आहे सगळी."

यावर दहा मिनिटं जोरदार चर्चा झाली, मग कुल्फी आली आणि विषय संपला. मी गप्प होते. मला जागच्या जागी कधी सुचत नाही, घरी येऊन भांडी घासताना सुचतं. म्हणून आता इथे लिहितेय. मावशी आणि दादा दोघंही हे वाचतात, तेव्हा पुढच्या रविवारी माझं काय होणार ते दिसतंच आहे. :)

माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर दोघंही चूक आहेत, आणि एकाच प्रकारे चूक आहेत. एकजण त्या माणसांना संत करतेय, दुसरा गुन्हेगार. त्यांना हिशेब करावा लागतो, आणि तो आपल्यासारखाच महिनाअखेरीला चुकतो, हे मात्र दोघांच्याही डोक्यात येत नाही.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. मध्य जावात वोनोसोबो नावाचं शहर आहे. तिथून छोट्या बसने साधारण पंचवीस किलोमीटर घाट चढलं की दिएंगचं पठार लागतं. उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या कितीतरी वर. खरं तर हा सगळा एक जुना ज्वालामुखीचा प्रदेश आहे. अजूनही कुठे चिखल उकळतो, कुठे गंधकाचा वास येतो. १९७९ च्या फेब्रुवारीत सिनिला विवराजवळ जमिनीतून विषारी वायू बाहेर पडला, आणि पहाटे घरं सोडून पळणारी सुमारे दीडशे माणसं वाटेतच मेली. त्यानंतर एक अख्खं गाव उठवून तिथल्या लोकांना सुमात्रात वसवलं. "शांत, निवांत गाव" म्हणताना हेही लक्षात असू द्यावं.

पठारावर आठ छोटी दगडी देवळं उभी आहेत, जावातली सर्वांत जुनी म्हणतात ती. नावं ऐका : अर्जुन, भीम, घटोत्कच, पुंतदेव (म्हणजे धर्मराज), सेंबद्रा (म्हणजे सुभद्रा). आपला मराठी माणूस इथे आला की हमखास विरघळतो. मीही विरघळले होते. "हे तर आपलंच!" नंतर कळलं की ही नावं देवळं बांधणाऱ्यांची नाहीतच. कळसूत्री सावल्यांच्या खेळातली ती पात्रं, आणि गावकऱ्यांनी ती खूप नंतर चिकटवली. त्यातलं सेमार हे पात्र तर व्यासांना ठाऊकच नाही. असो. मुद्दा एवढाच, की आपण तिथे जे बघायला जातो ते आधीच डोक्यात घेऊन जातो.

मी पहिल्यांदा गेले ती २०१९ च्या जुलैत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या घरी उतरलो त्या बाईंना आम्ही 'इबू' म्हणायचो. तिकडे आई, काकू, बाई सगळ्याला हा एक शब्द चालतो. त्या मला 'म्बाक' म्हणायच्या, म्हणजे ताई. त्यांचे यजमान 'पाक', फार बोलायचे नाहीत.

कोरड्या ऋतूत, जुलै-ऑगस्टमध्ये, तिथे काही रात्री तापमान शून्याखाली जातं आणि दंव गोठतं. सकाळी देवळांपुढचं गवत पांढरंशुभ्र दिसतं. विषुववृत्ताजवळच्या देशात बर्फ! जाकार्ता, सेमारांग, जोग्जाहून गाड्या भरभरून माणसं येतात. त्या वर्षी तर बातम्यांत रोज तेच. आम्हीही पहाटे पाचला कुडकुडत पोचलो. नवऱ्याने बोटाने गवतावरचा बर्फ खरवडून मला दाखवला, आणि मी तीस-चाळीस फोटो काढले. मावशीला सगळ्यांत आवडलेला फोटो त्यातलाच.

परत येताना वाटेत पाक त्यांच्या बटाट्याच्या वाफ्यात उभे दिसले. मी उत्साहाने हाक मारली, फोटो दाखवले. त्यांनी बघितले, हसले, म्हणाले, "बागुस." छान. मग वाकून त्यांनी एक पान हातात घेतलं. पान काळपट हिरवं झालं होतं, उकडलेल्या पालकासारखं. ऊन वर आलं तशी सगळी रांगच तशी दिसायला लागली.

तिथे या दंवाला 'एंबुन उपास' म्हणतात. एंबुन म्हणजे दंव आणि उपास म्हणजे विष. (आपल्या उपासाशी संबंध नाही, मी आधी तसंच समजले होते.) ज्याला पाहुणे बर्फ म्हणतात त्याला गावकरी विष म्हणतात, आणि दोघं एकाच सकाळी एकाच पठारावर उभे असतात. ते माझे फोटो मी अजून काढून टाकलेले नाहीत. पण ते दाखवताना हल्ली जीभ जड होते.

आता मावशीच्या 'समाधाना'कडे येते.

इबू-पाक यांची जमीन पाव हेक्टर. म्हणजे आपल्या भाषेत पंचवीस गुंठे. हे काही त्यांचं एकट्याचं दुर्दैव नाही. २०१३ च्या कृषिगणनेत इंडोनेशियातल्या निम्म्याहून जास्त शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन निघाली. अशा शेतकऱ्याला तिथे 'पेतानी गुरेम' म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरचा बारीक किडा! सरकारी तक्त्यातसुद्धा हाच शब्द असतो. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींहून जास्त माणसं होती. मग वाटणी होत होत पंचवीस गुंठे येणारच.

त्या पंचवीस गुंठ्यांत बटाटा. बटाट्याला साधारण शंभर दिवस लागतात, आणि त्याआधी पैसे लागतात. बेणं विकत घ्यायचं. चांगलं प्रमाणित बेणं महाग आणि पुरेसं मिळत नाही, म्हणून घरचेच बारके बटाटे पुन्हा पुन्हा लावायचे. त्यांत रोग साठत जातो आणि उतारा घटत जातो. खालून ट्रकने येणारं कोंबडीखत घ्यायचं. पावसाळ्यात करप्यासाठी दर काही दिवसांनी फवारणी, कोरड्या ऋतूत तळ्यातून पाणी खेचायला पंप आणि लांबच लांब पाईप. हे सगळं उधारीवर. उधार देणारा कोण? तर बहुतेक वेळा तोच 'तेंगकुलाक', म्हणजे दलाल, जो पुढे बटाटा घेणार. भाव कोण ठरवणार, हे सांगायची गरज आहे का?

माझं आजोळ सातगाव पठारावर आहे, आंबेगाव तालुक्यात. तिथेही बटाटाच. उचल, आडत्या, पट्टी हे शब्द मला लहानपणापासून माहीत आहेत. इबू त्यांच्या भाषेत सांगत होत्या आणि मला आजोबांची वही दिसत होती. मावशी, तुझे वडील समाधानी होते का गं? फोटोत तेही हसतायत.

मला माहीत आहे, इथे कुणीतरी 'नरिमो'ची गोष्ट काढणार. जावी माणसाचा मोठा गुण म्हणून हा शब्द सगळी प्रवासवर्णनं सांगतात. जे वाट्याला आलं ते स्वीकारणं म्हणजे नरिमो. हा गुण खरा आहे, मी बघितलाय. त्या दिवशी दुपारी पाक तसेच जेवले, संध्याकाळी मशिदीत गेले, रात्री शेजाऱ्यांशी सिगरेट ओढत बसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वोनोसोबोला गेले, नवीन उधारी बघायला. स्वीकारणं आणि हातपाय न हलवणं या एकच गोष्टी नाहीत. दुसऱ्याची सहनशक्ती बघून आपल्याला बरं वाटतं, कारण मग आपल्याला काही करावं लागत नाही. आपल्याकडे संतांच्या नावाने गरिबाला समाधान शिकवणारे कमी आहेत का? ते स्वतः मात्र सोसायटीत पार्किंगवरून भांडतात.

आता दादा, तुझी पाळी.

डोंगर बोडके आहेत हे खरं. ते मी लपवत नाही. पाऊस पडला की ओढे चहासारखे वाहतात. पाक स्वतः सांगत होते की त्यांच्या लहानपणी माती काळी होती, हात आत जायचा. आता खाली दगड लागतो आणि दर वर्षी खत जास्त लागतं. या डोंगरावर सेरायू नदीचा उगम आहे. ती खाली बांजारनेगाराला जाते. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठं धरण झालं, सुमारे १८० मेगावॅट वीज करणारं. ते धरण गाळाने भरत चाललंय, आणि त्या गाळात दिएंगच्या बटाट्याची माती आहे. इथपर्यंत तू बरोबर.

पण 'हाव' म्हणण्याआधी एवढं बघ. तिथले वाफे उताराला आडवे नसतात, वरून खाली सरळ असतात. शेतकी अधिकारी वर्षानुवर्षं सांगतायत की आडवे करा, माती थांबेल. लोक ऐकत नाहीत. का? मी पाकना हेच विचारलं, अगदी तुझ्याच सुरात. ते म्हणाले, आडव्या सरीत पाणी साठतं, पाणी साठलं की बटाटा सडतो. माती जायला वीस वर्षं लागतात, बटाटा सडायला आठवडा. उधारी या हंगामाची आहे. आता हे गणित चूक आहे असं मला कुणी दाखवून द्यावं. पाकच्या जागी उभं राहून, धरणाच्या भिंतीवर उभं राहून नव्हे.

आणि बटाटा त्यांच्या डोक्यात आला कुठून? आधी तिथे तंबाखू, मका, कोबी. १९८० च्या दशकात बटाट्याने पैसा दिला, आणि पैसा खराच दिला. मातीची, लाकडाची घरं पक्की झाली, पोरं शाळेत गेली, काहीजण हजला जाऊन आले. १९९८ मध्ये सुहार्तोंची सत्ता गेली, रुपिया कोसळला, त्या गोंधळाच्या काही वर्षांत जावाभर सरकारी जंगलं तुटली, तशी इथलीही तुटली. त्यात गावातले होते, बाहेरचे होते, पैसेवाले होते. गावातसुद्धा सगळे पाव हेक्टरवाले नाहीत. दुसऱ्यांची जमीन खंडाने घेऊन दोन-दोन, तीन-तीन हेक्टर करणारेही आहेत, आणि फवारणीला त्यांच्याकडे रोजाने माणसं असतात. तेव्हा 'गावकऱ्यांची हाव' म्हणताना कुठला गावकरी ते तरी सांग.

शिवाय त्या पठारातून खाली काय काय जातं ते मोज. बटाटा शहरात जातो. पाणी धरणात जातं. विवरांजवळ भूगर्भातल्या वाफेवर चालणारं ६० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, जाड चकचकीत पाईप शेतांमधून गेलेत, ती वीज जावाच्या जाळ्यात जाते. एवढं सगळं खाली उतरतं. वर काय चढतं? पर्यटक, आणि उपदेश.

ज्यांना धरण गाळमुक्त हवंय त्यांनी वरच्या माणसाला पैसे द्यावेत, इतकी ही साधी गोष्ट आहे. हे माझं स्वप्नरंजन नाही. जावाच्याच पश्चिम टोकाला, बांतेनमध्ये, चिदानाव नदीच्या खोऱ्यात २००५ मध्ये अशी व्यवस्था सुरू झाली. खाली उद्योगांना पाणी पुरवणारी कंपनी वरच्या शेतकऱ्यांना झाडं राखण्याचे पैसे द्यायला लागली. रक्कम मोठी नव्हती, पण तत्त्व ठरलं : झाड राखणं हे काम आहे, आणि कामाचे पैसे असतात. झाड लावा म्हणणं सोपं आहे. झाड मोठं होईपर्यंत पंचवीस गुंठ्यांवर जगायचं कसं, याचं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचाय. तसंच विम्याचं. २०१५ पासून तिथे सरकारी अनुदानाचा पीकविमा सुरू झाला, तो भाताचा. दोन हजार मीटरवर भात होत नाही. विष पडतं ते बटाट्यावर.

"पण पर्यटन आहे ना," असं तिसऱ्या कोपऱ्यातून काका म्हणाले होते. आहे. २०१० पासून तिथे मोठा महोत्सव सुरू झाला, डोंगरावर सूर्योदय बघायला रांगा लागतात, कारिका नावाच्या डोंगरी पपईच्या पाकातल्या बाटल्या खपतात. (गंमत म्हणजे कारिका आणि बटाटा दोन्ही मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. 'अस्सल, पारंपरिक' शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पण पैसा मिळतो तो ज्याचं घर रस्त्यावर आहे त्याला, किंवा ज्याच्याकडे खोली बांधायला आधीच पैसा होता त्याला. आणि २०२० मध्ये करोना आला तेव्हा पाहुणे एका आठवड्यात गायब झाले.

इबूंकडे खोली बांधायला पैसा कुठून आला, हे मी तिसऱ्या दिवशी विचारलं. त्या म्हणाल्या, "तैवान." त्यांची मोठी मुलगी सहा वर्षं तिथे होती. एका म्हातारीला आंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठवून कूस बदलणं. वोनोसोबोकडच्या कितीतरी मुली अशा तैवान, हाँगकाँग, मलेशियाला जातात. गावात जी घरं टाइल्स लावून चमकतात, त्यांच्याकडे बोट दाखवून इबू सांगत होत्या : हे हाँगकाँग, हे तैवान, हे सौदी. मुलगी गेली तेव्हा तिचं बाळ दोन वर्षांचं होतं. परत आली तेव्हा ते आजीला आई म्हणत होतं.

म्हणजे ज्या खिडकीतून मी "जगापासून दूर राहिलेलं गाव" असे फोटो काढले, ती खिडकीच तैवानच्या पगाराची होती. हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली.

म्हणून "तरुण पोरं गावं सोडतात, गावं ओस पडतात" हे रडगाणं मी आता ऐकून घेत नाही. आपण कुणी गावात राहिलोय? मी मगरपट्ट्यात बसून हे लिहितेय. इबूंचा धाकटा तेव्हा सोळा वर्षांचा होता, वोनोसोबोच्या तंत्रशाळेत मोटारसायकल दुरुस्ती शिकत होता. तिकडे १९९४ पासून शाळेची नऊ वर्षं सक्तीची आहेत, पुढचं शिक्षण खाली उतरूनच. मी त्याला (पुन्हा माझा आगाऊपणा) विचारलं, "शेती नाही करणार?" तो आईकडे बघून हसला. उत्तर इबूंनीच दिलं, "त्याने करू नये म्हणून तर मी करते." पाक काही बोलले नाहीत, चहा ढवळत राहिले.

त्या चहा ढवळण्याबद्दल मी बराच विचार केलाय. पाकना मुलाने जावंसं वाटत होतं की राहावंसं, मला अजून कळलेलं नाही. बहुधा दोन्ही. मुलगी तैवानला गेली ती नाइलाजाने. मुलगा जाईल तो कदाचित आवडीने. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माझ्या मते त्या गावाला भवितव्य आहे की नाही, हे किती जण गेले यावर ठरत नाही. राहायचं ठरवलं असतं तर जगता आलं असतं का, यावर ठरतं. आज पंचवीस गुंठ्यांवर त्याचं उत्तर 'नाही' आहे. ते 'हो' होऊ शकतं. चांगलं बेणं, दंवासाठी विमा, दलालाशिवाय कर्ज, आणि माती राखण्याचा मोबदला एवढ्याने बराच फरक पडेल. २०१५ पासून तिथल्या प्रत्येक गावाला सरकारकडून थेट निधी यायला लागला. त्यातून या गावाचा रस्ता चांगला झाला. रस्ता चांगला झाला की बटाटा लवकर खाली जातो, आणि पोरंही. रस्ता नको असं मी म्हणत नाही. नुसत्या रस्त्याने भागत नाही एवढंच म्हणतेय.

शेवटी एकच गोष्ट सांगते आणि थांबते, बरंच लांबलं.

दिएंगमध्ये काही मुलांच्या केसांच्या आपोआप जटा होतात. लहानपणी ताप येतो आणि मग केस गुंततात, असं लोक सांगतात. त्या जटा कुणी मनात येईल तेव्हा कापत नाही. आधी मुलाला विचारायचं, "तुला काय हवं?" मूल जे मागेल ते आईबापांनी आणून द्यायचं, मगच समारंभाने केस कापायचे. कुणी सायकल मागतं, कुणी बकरी, कुणी नुसती गोळ्यांची पुडी. न देता कापले तर जटा पुन्हा येतात, असा समज आहे. आता हा विधी महोत्सवात व्यासपीठावर होतो, आणि आम्ही पाहुणे तिकीट काढून तो बघतो.

इतक्या कौतुकाने बघतो, आणि त्यातला पहिला प्रश्न मात्र गावाला कुणी विचारत नाही. डच आले त्यांनी काय पिकवायचं ते सांगितलं. नंतरच्या सरकारांनी कसं पिकवायचं ते सांगितलं. दादा म्हणतो पिकवूच नका, मावशी म्हणते असेच हसत राहा. काय हवं ते त्यांना विचारा ना.

मी विचारलं होतं, निघताना. इबू जरा वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, "दंव पडलं त्या वर्षी उधारी फिटावी, एवढंच." म्हटलं, आणखी काही? तर म्हणाल्या, "म्बाक, तुमचे फोटो पाठवा. आमच्या शेताचा एकही फोटो आमच्याकडे नाही."

पाठवले. बर्फाचे सोडून.